पहिल्या घासाआधी

भेळेसाठी प्रार्थना करायची का, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. जेवणाआधी करायचीच, त्यात वाद नाही. चहा-बिस्किटांना सूट आहे. पण गाडीवर उभं राहून खाल्लेल्या वडापावाचं काय? माझा मुलगा म्हणतो, "बसून खाल्लं तरच प्रार्थना." हा नियम चर्चच्या कुठल्या पाळकांनी घालून दिला कोण जाणे, पण आम्ही तो निमूट पाळतो.

नगरला आजीच्या घरी असले बारकावे नव्हते. आजी प्रार्थनेला लागली की पिठल्यावर पापुद्रा धरायचा. मंडळीतले आजारी, परगावी शिकणारी नातवंडं, सीमेवरचे जवान, पाळकसाहेब, पाळकीणबाई, लांबलेला पाऊस, सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर कुठे भाकरीचा नंबर लागायचा. आम्ही पोरं एक डोळा किलकिला ठेवून कुरडईचा मोठा तुकडा हेरून ठेवत असू. 'आमेन' मात्र सगळ्यांत मोठ्यानं आमचंच.

शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की अख्खा वर्ग 'वदनी कवळ घेता' म्हणायचा. मीही म्हणायचे आणि मग मनातल्या मनात आमचीही एक छोटी प्रार्थना उरकून घ्यायचे. दोन्हींची कधी भांडणं झाली नाहीत. घास घेण्याआधी जरा थांबायचं असतं, हे मला आजीनं आणि त्या वर्गानं मिळूनच शिकवलं. ज्यू लोकांची मोठी प्रार्थना तर जेवण झाल्यावर असते. 'खाऊन तृप्त झालास की परमेश्वराचा धन्यवाद कर' असं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. मला ते जास्त कठीण वाटतं. भुकेल्यापोटी देव कुणालाही आठवतो.

उपासनेत साक्षीची वेळ आली की कुणीतरी उठून सांगतं, देवानं मला गर्दीच्या गाडीत बसायला जागा दिली. आनंद आहे. पण तिथे जो उभाच राहिला, त्याच्यासोबत देव नव्हता का, हे माझ्या ओठांवर येतं आणि मी ते गिळते. मला कधी आवाज ऐकू आला नाही, प्रकाश दिसला नाही. रात्री ताटं वाढली जातात, दिवसभराची चिडचिड अंगावर तशीच असते, आणि डोळे मिटायचे असतात. मिटले की आधी शेजारच्या टीव्हीवरचं भांडण ऐकू येतं, मग गळणारा नळ, मग जवळ बसलेल्यांचे श्वास. सकाळपासून ज्यांच्याशी मी फक्त 'किल्ली कुठंय' आणि 'बिल भरलं का' एवढंच बोललेले असते, ती ही माणसं. अशा वेळी कधीकधी पक्कं जाणवतं की या ताटांभोवती आम्ही सोडून आणखीही कुणीतरी बसलं आहे. रोज नाही जाणवत. बऱ्याचदा मी आमटीत मीठ घातलं की नाही, याच काळजीत असते.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचा प्रेषित पौल याचं तारू वादळात सापडतं. चौदा दिवस कुणाच्या पोटात नीट अन्न नाही. तारवावर 276 माणसं: खलाशी, शिपाई, कैदी. पौल स्वतः कैदीच. पहाटे तो सगळ्यांना म्हणतो, काहीतरी खाऊन घ्या. मग सर्वांदेखत भाकर घेतो, देवाचे उपकार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. ते पाहून बाकीच्यांनाही धीर येतो. मला या गोष्टीतलं आवडतं ते हे की त्या प्रार्थनेनं तारू काही वाचलं नाही. ते फुटलंच. माणसं मात्र सगळी किनाऱ्याला लागली, काही पोहत, काही फळ्यांवर. पण भाकर मोडली तेव्हा यातलं काहीच घडलेलं नव्हतं. वारा होता तसाच होता.

आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे ते दोघे शिष्य. यरुशलेमहून सुमारे 11 किलोमीटर. पुनरुत्थित येशू सोबत चालतोय, मोशेपासून सगळं शास्त्र उलगडून सांगतोय, तरी यांना पत्ता नाही. इतकं उत्तम प्रवचन आणि ओळख शून्य! संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर त्यानं भाकर घेतली, आशीर्वाद मागितला, मोडून त्यांच्या हातात दिली, तेव्हा कुठे डोळे उघडले. उघडले तोच तो दिसेनासा झाला. दोघे त्याच घटकेला उठून यरुशलेमला परत निघाले. हातातली भाकर त्यांनी खाल्ली का, हे ही गोष्ट लिहिणारा लूक सांगत नाही. माझा अंदाज, वाटेत खाल्ली असणार; दिवसभराची पायपीट झाली होती आणि तेवढीच अजून बाकी होती.