गिअरबॉक्सवर आलेला आळ

वडिलांनी २००३ साली घेतलेली मारुती ८०० आमच्याकडे अजून रोजच्या वापरात आहे. साताऱ्यातली बाजारहाटाची कामे आणि महिन्या-दोन महिन्यांतून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला असलेल्या शेतावर जाणे, एवढाच तिचा संसार. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना बॉनेटखालून रातकिड्यासारखी बारीक किरकिर ऐकू येऊ लागली. क्लचचे पेडल दाबले की ती थांबल्यासारखी वाटे आणि पाय उचलला की पुन्हा सुरू होई. दोन आठवड्यांत किरकिरीची घरघर झाली, तेव्हा मात्र गाडी गॅरेजमध्ये नेली.

तिथल्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून दोनदा पेडल दाबले, दोनदा सोडले आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची गती गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग गेले असल्याचा निर्वाळा दिला. गिअरबॉक्स खोलून सगळी बेअरिंगे बदलायची, म्हणजे १८ हजारांचा खर्च. त्याचा तर्क अगदीच निराधार नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी क्लच जोडलेला असतो, त्यामुळे इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो आणि पेडल दाबल्यावर तो सुटा होऊन काही क्षणांत थांबतो. म्हणून पेडल वर असताना येणारा आणि दाबल्यावर जाणारा आवाज गिअरबॉक्सचा मानण्याची पद्धत आहे. पण गिअर टाकताना कुठेही अडखळत नव्हता, कोणत्याही गिअरमध्ये वेगळा आवाज येत नव्हता आणि खाली तेलाचा थेंबही नव्हता. एवढ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी आवाज स्वतः नीट ऐकावा, असे ठरवून मी गाडी घरी आणली.

रविवारी सकाळी पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि मुलीला चालकाच्या जागेवर बसवले. पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून केली. बंद गाडीत पेडल दाबतानाही एक कुरकुर ऐकू आली, आणि ती अर्थातच कोणत्याही बेअरिंगची असू शकत नव्हती. पेडलला क्लचशी जोडणाऱ्या केबलच्या टोकाला आणि क्लचचा काटा ज्या दांड्यावर फिरतो तिथे तेल सोडल्यावर ती पूर्ण गेली. आपण इतके दिवस दोन आवाज एकच समजून ऐकत होतो, हे तेव्हा लक्षात आले.

त्यानंतर फॅनबेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवले. बेल्ट नसला की इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप बंद राहतो, त्यामुळे ही तपासणी लांबवता येत नाही. त्याच बेल्टवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर आणि पंप दोन्ही थांबलेले असताना घरघर जशीच्या तशी होती, म्हणजे त्या दोघांवरचा संशय फिटला. बेल्ट परत चढवून एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक गिअरबॉक्सच्या कवचावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. हा उपाय गावठी वाटेल, पण आवाजाची जागा शोधायला त्याच्याइतके स्वस्त साधन नाही. फक्त बाह्या, ओढणी किंवा सैल कपडे फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत. गिअरबॉक्सच्या दूरच्या टोकाला आवाज मंद होता आणि इंजिनाला जोडलेल्या, क्लच झाकणाऱ्या भागावर तो स्पष्ट होता.

“बाबा, दाबू का?” मुलीने आतून विचारले. तिने पेडल पूर्ण दाबले, आणि नुसत्या कानाला थांबल्यासारखी वाटणारी घरघर स्क्रूड्रायव्हरमधून मात्र ऐकू येतच राहिली. खालच्या पट्टीत, दळणाच्या जात्यासारखी. मी तिला पेडल दाबूनच पहिला गिअर टाकायला सांगितले. गाडी उभी, गिअर पडलेला आणि क्लच सुटलेला असताना इनपुट शाफ्ट हलूच शकत नाही. तरीही आवाज होता. गिअरबॉक्सवरचा आळ इथेच निम्मा उतरला.

उरलेला निम्मा उतरवायला अडचण एकच होती. आता संशय उरला तो रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचच्या स्प्रिंगला रेटून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर भार येणारे हे बेअरिंग खराब असेल, तर पेडल वर असताना ते फिरायलाच नको. मग पाय बाजूला असतानाही आवाज कसा? या प्रश्नाचे उत्तर मला बॉनेटखाली मिळाले नाही, ते पेडलपाशी मिळाले. केबलच्या क्लचला पेडलच्या सुरुवातीच्या हालचालीत साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर मोकळीक असावी लागते. गॅरेजच्या भाषेत तिला ‘प्ले’ म्हणतात. स्टीलची पट्टी लावून बोटाने पेडल दाबून पाहिले, तर प्ले जवळजवळ शून्य होता. पेडल पहिल्या मिलिमीटरपासूनच जड लागत होते.

केबल जुनी झाली की ताणते आणि प्ले वाढतो, असा माझा समज होता. केबलपुरता तो खराही आहे, पण क्लच प्लेट झिजते तेव्हा नेमके उलटे घडते. प्लेट पातळ झाली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या, दिशेने आत सरकते, तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगची (ताटलीसारख्या चपट्या स्प्रिंगची) मधली बोटे बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात आणि असलेला प्ले खाऊन टाकतात. वेळोवेळी केबल सैल केली नाही, तर बोटे बेअरिंगला कायमची टेकून राहतात. जे बेअरिंग केवळ गिअर बदलण्यापुरते फिरायचे, ते इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहते. कमी भारावर खिळखिळे बेअरिंग किरकिरते आणि पेडल दाबून पूर्ण भार दिला की त्यातल्या गोळ्या घट्ट बसून आवाज दबतो. पहिल्या मेकॅनिकला चकवले ते याच दबण्याने.

खात्री करायला पाच मिनिटे पुरली. केबलच्या टोकाचा नट काही फेरे सैल करून पेडलला दोन सेंटीमीटर प्ले दिला आणि इंजिन चालू केले. न्यूट्रल, पाय बाजूला: शांत. मुलीने पेडलवर नुसता पाय टेकवून प्ले संपेपर्यंत दाबले आणि किरकिर हजर झाली. पाय काढला, गेली. सात-आठ वेळा हेच केले. एकदाही चूक झाली नाही. इनपुट शाफ्टच्या बेअरिंगला केबलच्या नटाशी काही देणेघेणे नसते.

आता गिअरबॉक्स उतरवणे अटळ होते, पण खोलणे नव्हते. ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी दिली आणि तपासणीचा सगळा क्रम त्यांना सांगितला. त्यांनी स्वतः एकदा ऐकून मान हलवली. “गिअरबॉक्सला हात नाय लावायचा, साहेब. पूर्ण सेट टाकू,” एवढेच म्हणाले. पूर्ण सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. मी तो पुण्याला नाना पेठेतून आणला. एकटे बेअरिंग स्वस्तात येते, पण त्यासाठी जी मेहनत पडते तीच प्लेट बदलायलाही पडते. प्ले संपला होता याचा अर्थच प्लेट झिजली होती.

गिअर ऑइल काढून, चाकांना गती देणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सोडवून आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळ्यावर जॅक लावून त्यांनी गिअरबॉक्स खाली घेतला. प्लेटवर रिव्हेटची डोकी जवळजवळ पृष्ठभागाशी आली होती. डायफ्रॅमच्या बोटांच्या टोकांवर आरशासारखी चकचकीत चकती उमटली होती, आणि बेअरिंग हातात फिरवले तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. इनपुट शाफ्ट धरून हलवून पाहिला, बोटांनी फिरवला. तो मऊ आणि निमूट फिरत होता. तेवढ्यात तिथल्या पोराने नवे बेअरिंग सवयीने रॉकेलच्या डब्याकडे नेले, तेव्हा मिस्त्री त्याच्यावर ओरडले. या बेअरिंगमध्ये कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद केलेले असते, आणि धुतले तर ते निघून जाऊन नवे बेअरिंग महिनाभरात बोलू लागते. क्रँकचे मागचे ऑइल सील त्यांनी हाताशी आहे म्हणून बदलले, प्लेट मधोमध बसवून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले आणि संध्याकाळी गाडी जमिनीवर आली. सामान आणि मजुरी मिळून सहा हजारांच्या आत काम झाले.

प्ले मी स्वतः पट्टी लावून दोन सेंटीमीटर ठेवून घेतला. घाटात डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची वडिलांची सवय माझ्यातही उतरली होती, आणि तसे केले की ठेवलेला प्ले असून नसल्यासारखा होतो. या गाडीत पाय ठेवायला वेगळी पट्टी नाही, म्हणून आता टाच पेडलच्या डावीकडे जमिनीवर ठेवतो. पहिल्या हजार किलोमीटरनंतर प्ले पुन्हा मोजला, तो दीड सेंटीमीटर भरला. नट दोन फेरे सैल केला आणि तारीख, किलोमीटर डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवले.