केपचा पाऊस आणि पुण्याचा पाऊस

केपटाऊनमधील माझा पहिला जून महिना मला घरच्यासारखा वाटला होता, कारण खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. अंगात स्वेटर आणि पायांत लोकरी मोजे होते, एवढाच काय तो फरक. त्या भागात मे ते ऑगस्ट हा पावसाळा असतो आणि तोच हिवाळाही असतो; दिवसा १८ अंशांच्या आसपास आणि रात्री आठ-नऊ अंश असे तापमान महिनोन्महिने राहते. पुढे चार वर्षे मी तिथल्या परसात फ्रीझिया, स्पॅरॅक्सिस, बबियाना आणि लॅकेनालिया हे कंद वाढवले. वाढवले म्हणणेही जास्तच होईल, कारण ते आपापले उगवत, फुलत आणि डिसेंबरच्या उन्हात वाळून जमिनीत गडप होत. मी फक्त तण काढत असे.

पुण्याला परतल्यावर मी केलेली चूक याच अनुभवातून आली. तिथे आणि इथे पाऊस साधारण एकाच महिन्यांत पडतो, तेव्हा कंदही त्याच महिन्यांत लावावेत असा सरळ हिशेब मी केला. परदेशातून कंद आणायचे तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून फ्रीझियाचे चाळीस कंद कालिम्पाँगच्या एका रोपवाटिकेतून मागवले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवरील कुंड्यांत लावले. ऑगस्टमध्ये माती उकरून पाहिली तेव्हा हाताला लागला तो सगळा आंबूस वासाचा लगदा होता. रोपवाटिकेचा यात काही दोष नव्हता. जो पाऊस मी केपचा समजले होते, तो पुण्याचा, म्हणजे बावीस ते अठ्ठावीस अंशांचा, कोमट पाऊस होता.

हे नीट समजण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा नकाशा मनात उभा दोन भागांत कापावा लागतो. नैर्ऋत्येकडील केपच्या टोकाला हिवाळी पाऊस पडतो. पूर्वेकडे, क्वाझुलू-नाताल आणि ड्रॅकेन्सबर्गच्या उतारांवर, उन्हाळी पाऊस पडतो. केपच्या फुलझाडांच्या प्रदेशात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत, त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश जगात अन्यत्र कुठेही नैसर्गिकपणे उगवत नाहीत, आणि कंदवर्गीय वनस्पतींचे त्यांच्यातील प्रमाण विलक्षण मोठे आहे. तिथून उत्तरेला असलेले न्यूवूटव्हिल हे गाव तर जगाची कंदांची राजधानी म्हणूनच ओळखले जाते. एकाच देशातील हे दोन गट शेजारी वाटले, तरी त्यांचे झोपण्या-उठण्याचे वेळापत्रक अगदी उलटे आहे, आणि ‘दक्षिण आफ्रिकेचे कंद’ असे एका दमात म्हणणारी माहितीपत्रके वाचून माळी फसतो तो इथेच.

फ्रीझियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्याचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसून सुरणासारखा भरीव असतो. तो झोपेतून उठण्यासाठी त्याला आधी सुमारे तीस अंशांची कोरडी ऊब दहा-बारा आठवडे मिळावी लागते. ती न मिळता तो थंड जागी पडून राहिला, तर कधी कधी अंकुरच येत नाही आणि जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद तयार होऊन वर्ष फुकट जाते. उठल्यानंतर मात्र त्याला नेमके उलटे हवे असते: कळी धरण्याच्या काळात मुळांभोवतीची माती बारा ते पंधरा अंशांच्या आसपास असावी लागते, आणि ती बराच काळ अठराच्या वर राहिली तर पाने भरघोस येतात पण फूल येत नाही. केपमध्ये हा सगळा क्रम आकाशच पार पाडते. पुण्यात उन्हाळ्याची कोरडी ऊब आयतीच मिळते, नोव्हेंबर ते जानेवारीची थंडीही बऱ्यापैकी मिळते, परंतु त्या दोहोंच्या मधोमध चार महिन्यांचा पावसाळा येऊन बसतो. म्हणजे इथे माळ्याला दोन उलटी कामे करावी लागतात: पावसाळ्यात कंद कोरडे ठेवायचे आणि कोरड्या हिवाळ्यात झारीने पाऊस पाडायचा.

यातील पहिले काम मी कुठल्या बागकामाच्या पुस्तकातून नव्हे, तर नारायणगावकडच्या एका कांदा उत्पादक नातेवाइकांकडून शिकले. कांद्याच्या माना पडू लागल्या की ते पाणी तोडतात, कांदा पातीसकट सुकू देतात आणि मग हवा खेळेल अशा चाळीत साठवतात. माझ्या फ्रीझियाच्या पाती मार्चअखेर पिवळ्या पडू लागतात तेव्हा मीही पाणी तोडते. हिरव्या पाती कापण्याचा मोह मात्र टाळते, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्याच पातींच्या जिवावर भरत असतो. एप्रिलअखेर कंद काढून, माती झटकून, जाळीच्या क्रेटमध्ये ठेवते आणि तो क्रेट पोटमाळ्यावर जातो. माझ्या लेखी ती कांदाचाळच आहे. पावसाळ्यातील दमट हवेमुळे दर पंधरा दिवसांनी क्रेट उलथापालथा करून बुरशी धरलेले कंद वेगळे काढावे लागतात, आणि हे कंटाळवाणे काम चुकवले की त्याची किंमत मोजावी लागते.

माझी धाकटी बहीण पर्थला राहते आणि तिला माझ्या या खटाटोपाचे हसू येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या कोपऱ्यातही हिवाळीच पाऊस पडतो, त्यामुळे केपचे कंद तिथे इतके रुळले आहेत की फ्रीझिया आणि वॅट्सोनिया बागांबाहेर पडून तण म्हणून पसरले आहेत. वॅट्सोनियाच्या एका प्रकाराला तर दांड्यावरच इवल्या कंदांचे झुबके लागतात आणि ते गळून जिथे पडतील तिथे उगवतात. मी पोटमाळ्यावर ज्याला जपते, त्याला ती उपटून टाकते.

इंग्लंडची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे पाऊस बाराही महिने पडतो आणि हिवाळ्यात जमीन गोठते. केपटाऊनजवळच्या टेबल माउंटनवरच्या खडकांत वाढणारी नेरिन सार्निएन्सिस ही कंदफुलाची जात तिथे सहसा काचघरात ठेवावी लागते, तर पूर्वेकडील उन्हाळी पावसाच्या भागातून आलेली तिचीच बहीण नेरिन बॉवडेनी दक्षिणाभिमुख भिंतीच्या पायथ्याशी उघड्यावर टिकते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुलाबी फुलांनी भरते.

कंदाचे झोपण्या-उठण्याचे वेळापत्रक जिथे जुळते तिथेच तो टिकतो, हा न्याय आपल्याकडे लावला तर पूर्वेकडील कंद महाराष्ट्राला अधिक मानवावेत, आणि तसेच घडते. मेमध्ये वळवाच्या सरीबरोबर एकाएकी लाल चेंडू उगवणारी फुटबॉल लिली आपण इतकी आपली मानली आहे की ती आफ्रिकेची आहे हे सांगावे लागते. बाजारातील ग्लॅडिओलसच्या पूर्वजांतही उन्हाळी पावसात वाढणारी ग्लॅडिओलस डॅलेनी आहे. १८४० च्या सुमारास बेल्जियममधील गेंट येथून जे संकर पुढे आले, त्यांच्यात तिचे रक्त आहे. सह्याद्रीत श्रावणात फुलणारी कळलावी तर दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही मुळातच उगवते, तिला कोणी इथून तिथे नेलेले नाही. आणि पानांचा पत्ता नसताना उघड्या जमिनीतून फुलांचा दांडा काढण्याची केपच्या बेलाडोना लिलीची जी रीत पाहून परदेशी माळी चकित होतात, तीच रीत आपला कोळकांदा ऐन उन्हाळ्यात माळरानावर पाळत असतो.

गेली तीन वर्षे मी फ्रीझिया ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री गार होऊ लागल्यावरच, लावते. मिश्रणात निम्मी भरड वाळू, उरलेला पोयटा आणि मूठभर जुने शेणखत असते. कुंडी मातीचीच घेते, कारण ती माठासारखी पाझरते आणि मुळांची माती दोन-तीन अंशांनी गार राहते. दुपारनंतर तिच्यावर ऊन येणार नाही अशी जागा पूर्वेच्या कठड्याशी सापडली आहे. फुले फेब्रुवारीत येतात, दांडे केपपेक्षा आखूड असतात आणि ऊन चढू लागले की आठवड्याभरात बहर आटोपतो. यंदा लावलेल्या पस्तीस कंदांपैकी एकोणीस फुलले. लॅकेनालियाला मात्र अजून नुसतीच ठिपक्यांची पाने येतात, म्हणून त्यांची कुंडी पुढच्या हिवाळ्यात महाबळेश्वरला मामेभावाच्या ओसरीवर पाठवायची असे ठरले आहे.