तुम्ही विचारलंत म्हणून: वहीत लाल रेघ का नाही?

मी रविवारी लिहिण्याचा वर्ग घेते. त्यातल्या मुलांच्या वह्या कुणाला दाखवल्या की दोन पानं उलटायच्या आत प्रश्न येतो, "ताई, एवढ्या चुका आहेत, तुम्ही सुधारत कशा नाही?" परवा इथल्या, बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका काकूंनीही विचारलं. त्या प्रश्नात आपुलकी असते, म्हणून नीट सांगते.

आमच्याकडे पंधरा-सोळा मुलं येतात. कुणाचे वडील सफाई कामगार, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते. काही घरं खानदेशातून येऊन बडोद्यात राहिलेली, काही छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेली. शाळा मात्र सगळ्यांची गुजराती. आठवीतल्या एका मुलानं पहिल्यांदा मराठीत लिहून आणलं, तेही गुजराती अक्षरांत. शब्द आपले, पण डोक्यावर रेघ नाही. "आजी रातच्याला लई खोकते. मंग मी जागाच ऱ्हातो. नळ येईस्तोवर जागाच."

वही देताना तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. हातात पेन आहे का, ते. मी एवढंच विचारलं, "नळ किती वाजता येतो?" पुढच्या रविवारी पानभर आलं: पहाटेचे चार, रांगेतल्या कळशा, आणि "आमचा हंडा शेवटी लावायचा ऱ्हातो." का, ते लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी त्यानं ते आपणहून लिहिलं. पहिल्याच दिवशी मी 'रातच्याला' खोडून 'रात्री' केलं असतं, तर तो हंडा माझ्यापर्यंत आलाच नसता, याची मला खात्री आहे.

सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकावर, मी मुलांना नेते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीला आले, आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मग ते या बागेत येऊन बसले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्यात त्या सराईतली वटवाघळंही आहेत, रात्री मिळणारा कंदीलही आहे. त्याचा उजेड चार बोटांपलीकडे जात नव्हता. मुलांना मी तो कंदील पुन्हा पुन्हा वाचून दाखवते. नळाची वेळ आणि हंड्याचा नंबर लिहिण्याजोगा असतो, हे त्यांना त्यातून जेवढं कळतं तेवढं माझ्या सांगण्यातून कळत नाही.

एक राठवा आदिवासी मुलगी आहे. "ही लिहीत नाही, नुसती चित्रं काढते," असं मीच म्हणायची. तिनं मला सांगितलं, आमच्याकडे पिठोरो, म्हणजे भिंतीवरची देवाची, घोड्यांची चित्रं, काढत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लखारा. भिंत सारवून पांढरी करायचं काम मुलींचं, लिहायचं पुरुषांचं. आता ती वहीत घोडे लिहिते. तिच्या एका घोड्यावर तिची आई बसली आहे, डोक्यावर घमेलं. त्या पानावर मी काय सुधारू?

शुद्धलेखन नकोच असं मी म्हणत नाही, काकू. ऱ्हस्व-दीर्घ मी शिकवते, जीव तोडून शिकवते. फक्त ते मुलानं मागावं लागतं. अन् ती मागतात, कारण लिहिलेलं कुणीतरी वाचावंसं त्यांना वाटायला लागतं. तो आठवीतला मुलगा दिवाळीच्या आधी आला. म्हणाला, "मला डोक्यावर रेघवाली अक्षरं शिकवा. धुळ्याला मामाला पाठवायचंय. त्याला गुजराती येत नाही."

दोन महिने लागले. ळ आणि ण त्याला फार छळायचे. शेवटी त्यानं आजीचं ते पान देवनागरीत उतरवलं: आधी सगळी अक्षरं लिहिली, मग फूटपट्टी ठेवून प्रत्येक ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ मारली. दोन शब्दांमध्ये जागाच राहिली नाही, सगळे एकाच दोरीला लागले. रेघ शब्दापुरती असते, हे त्याला पुढच्या रविवारी सांगितलं. ते पान मात्र तसंच पाकिटात घातलं. मामाचा फोन आला. त्यानं सगळं वाचलं होतं, आणि आजीचा खोकला आता कसा आहे, ते विचारत होता.