पालीचे किती गावले?

दरवर्षी गणपतीत, आरती आटोपून खिरापत वाटून झाली की कुणीतरी माझ्या शेजारी सरकून बसतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "सर, त्या पालीचे किती गावले?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, जणू मी देवगडात गुपचूप दुसरं घर बांधलंय. यंदा तुम्ही विचारलंत. तुम्ही निदान "एका पालीसाठी पैसे देतं कोण आणि त्या पैशांचं होतं काय?" असं नीट विचारलंत, म्हणून उत्तर लिहूनच काढतो.

आकडा आधी सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. एक लाख ऐंशी हजार रुपये, एक दुर्मिळ पाल शोधून मोजायच्या वर्षभराच्या कामासाठी, तीन हप्त्यांत. माझं मानधन शून्य. मी निवृत्त मास्तर, मला पेन्शन आहे.

आता पाल. तुमच्या ट्यूबलाइटमागे असते ती ही नव्हे. ही भिंतीवर दिसायची नाही, सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या माळावर, मोकळ्या पडलेल्या दगडांखाली राहते. बोटभर लांब, तपकिरी अंगावर पांढरे आडवे पट्टे. शास्त्राला ती १९६३ साली माहीत झाली, तीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ल्याच्या नमुन्यावरून. तिचं घर म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे सडे. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ती 'असुरक्षित' या वर्गात आहे. शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण ही पाल मी पहिल्यांदा पाहिली ती निवृत्तीनंतर, आणि ती आमच्या घरामागच्या सड्यावर. याची लाज अजून वाटते.

असल्या जीवांना पैसे देणारे जगात थोडेफार आहेत. अबूधाबीचा मोहम्मद बिन झायद फंड एकेका प्रजातीच्या कामाला जास्तीत जास्त पंचवीस हजार डॉलर देतो. बुरशी, किडे, गवतं असल्या बिनचेहऱ्याच्या मंडळींनाही तो नाही म्हणत नाही, हे मला फार आवडतं. इंग्लंडचं रफर्ड फाउंडेशन नवख्या माणसाला काही हजार पाउंड देतं. आपल्या घाटात मध्यंतरी २०१५ पर्यंत क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंडाचे पैसे बेंगळुरूच्या 'एट्री' या संशोधन संस्थेमार्फत लहानमोठ्या कामांना मिळत होते. पण परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याचं मुख्य खातं स्टेट बँकेच्या दिल्लीच्या शाखेतच काढावं लागतं, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आमचं मंडळ म्हणजे पाच माणसं, एक रबरी शिक्का आणि गावच्या बँकेतलं बचत खातं. आम्ही दिल्लीला कुठे जाणार? तेव्हा इथल्याच एका छोट्या ट्रस्टकडे अर्ज केला आणि तो मंजूर झाला. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे आणि माणसं भली आहेत.

पैसे कुठे गेले? सगळ्यात मोठा वाटा मजुरीत. आमच्या वाडीतला एक पोरगा चिरेखाणीवर जायचा, त्याला एकशेवीस दिवस कामाला घेतला, रोज पाचशे रुपये. खाणीवर त्याला सातशे मिळत. मी विचारलं, तुझं नुकसान नाही का होत? म्हणाला, "हय दगड फोडूचो नसता, परत ठेवूचो असता. पाठ तरी वाचता."

त्या 'परत ठेवूचो असता'त सगळं काम आलं. सड्यावर दोरीने दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा. आतला एकेक मोकळा दगड उचलायचा, खाली कोण आहे ते बघायचं, वहीत लिहायचं आणि दगड होता तसाच, त्याच तोंडाने, त्याच खळग्यात बसवायचा. उचलतानाही रीत आहे. दगड आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे दगडाची आड आपल्या पायांना राहते आणि खालचं जनावर पलीकडे निघून जातं. हे त्या पोरानं मला शिकवलं, मी त्याला नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका दगडाखाली फुरसं वेटोळं करून अंग घासत करकरत होतं. त्याने दगड हातातच धरून ठेवला, टाकला नाही. फुरसं सावकाश निघून गेलं, मग याने दगड हळूच जागेवर ठेवला आणि वहीकडे बघून म्हणाला, "फुरसां एक. पाल नाय." माझे हात नंतर तासभर कापत होते.

आणि ज्या दिवशी पाल सापडते, तो दिवस असा : ओला चिरा उचलला, खाली सुकी माती, मातीत वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ती, उजेडाने गोठलेली. तीन-चार श्वास. मग नुसती जागा रिकामी. तेवढ्यात फोटो निघाला तर निघाला.

उरलेल्या पैशांत पेट्रोल, दोन डोक्याचे दिवे, एक जुनी लेन्स, आणि पुण्याहून दोनदा आलेल्या संशोधक मुलीचा प्रवासखर्च. ती आली नसती तर आमच्या वहीला 'माहिती' कुणी म्हटलं नसतं.

आता कुरकुर. पहिला हप्ता जुलैच्या शेवटी आला. सडा जूनमध्ये जागा होतो. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत कातळावर काय काय फुटतं आणि बाहेर पडतं. ते आठ दिवस आम्ही उधारीवर काढले. दुसरी गोष्ट बिलांची. प्रत्येक खर्चाला पक्कं बिल हवं. आता सड्याच्या टोकाला जी बाई आम्हाला भाकरी-पिठलं करून द्यायची, तिच्याकडे बिलबुक कुठलं? मी वहीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला, तो चालला नाही. ताडपत्री मी चुकून 'प्रवास' या रकान्यात टाकली, तेही चाललं नाही, आणि ते बरोबरच होतं. दोन्ही मिळून दोन हजार चारशे रुपये खिशातून गेले. बायको म्हणाली, लोकांना पालीचे मिळतात, तुमचे पालीला जातात.

पण खरी अडचण हिशोबाची नाहीच. सडा म्हणजे जंगल नव्हे. तो बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचा आहे, आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. खराब! ज्यांचा तो आहे, त्यांच्यापुढे दोनच रस्ते. एक, चिरेखाणीला द्या. दोन, सुरुंग किंवा ब्रेकर लावून कातळ फोडा, डंपरने बाहेरची माती आणून भरा आणि हापूसची कलमं लावा. कलमांसाठी जागा साफ करताना मोकळे दगड आधी उचलले जातात, गडगा बांधायला. आमच्या चौकोनांमध्येही तेच दिसलं : जिथे दगड आहेत तिथे पाल, जिथे कलमं आहेत तिथे स्वच्छ, भुसभुशीत माती आणि पाल नाही.

माझ्या चुलतभावाचा दीड एकर सडा अगदी आमच्या चौकोनांना लागून आहे. त्याला मी फोटो दाखवले, अंडी दाखवली, लाल यादी समजावली. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दगड तसेच ठेवलंय तर माका काय गावतला?"

याचं उत्तर आमच्या अर्जात नव्हतं. कुठल्याच अर्जात तो रकाना मला दिसला नाही. समुद्रात तो आहे : जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमुशी शार्क सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर २०१८ पासून सरकार त्याला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांचं काम धरलं, आता तिथे पिल्लं बघायला माणसं येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात. कासव गोंडस आहे. पालीकडे कोण येणार बघायला? आमच्या आजीच्या मते ती अंगावर पडली तर आंघोळ करावी लागते. मोजणाऱ्याला पैसे मिळतात, फोटो काढणाऱ्याला मिळतात, मलाही पेट्रोल मिळालं. दगड न हलवणाऱ्याला काहीच नाही, आणि पाल तर त्याच्याच भरवशावर आहे. देणाऱ्यांनी एवढा एक रकाना घातला, तर माझ्या ताडपत्रीचं मी कायमचं विसरून जाईन.

भावाने एप्रिलमध्ये ब्रेकर आणला. एक एकर फोडला, माती भरली, कलमं लावली. पश्चिमेकडची पट्टी तेवढी राहिली आहे, दगडांसकट. त्या बाजूचा कातळ कडक निघाला आणि ब्रेकरवाल्याने तासाचा दर वाढवून सांगितला, म्हणून. जूनमध्ये आम्ही तिथे एक चौकोन आखला. चार पाली सापडल्या.

ट्रस्टला पाठवलेल्या शेवटच्या अहवालात मी त्या पट्टीबद्दल 'स्थानिक जमीनमालकाचे सहकार्य लाभले' असं लिहिलं आहे. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ब्रेकरवाल्याचंही नाव घाल.