गोठा ते गुऱ्हाळ : आमची वाटचाल

आमचं गुऱ्हाळ चालतं ती जागा मूळची आजोबांचा गोठा. दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, खाली बैलांची दावण, वर माळ्यावर कडबा. ट्रॅक्टर आला, बैलं गेली, काही वर्षं नुसती खताची पोती पडली होती, मग वडिलांनी दावण उखडून चुलवाण म्हणजे जमिनीतली मोठी चूल खणली, त्यावर रस आटवायची मोठी कढई, काहील, बसवली आणि गूळ कोल्हापूरच्या शाहूपुरीत जायला लागला. ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ ला वसवली, तिथं आमचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, नावानं ओळखायचे.

२०१९ चा ऑगस्ट मात्र विसरणार नाही. पंचगंगा गोठ्यात शिरली, चुलवाण खचलं, वर्षाचं जळण, उसाचं वाळलेलं चिपाड, कुजून गेलं, पश्चिमेची भिंत बसली. तुळया हलल्या नाहीत, आजोबांचं काम ते. कर्ज काढून सगळं उभं केलं आणि ऐन हंगामात शेजारच्या गुऱ्हाळवाल्यानं मोठी उचल देऊन आमचा गुळव्या, गूळ शिजवणारा कारागीर, फोडला. वडिलांपासूनचा माणूस होता, फोनसुद्धा उचलला नाही त्यानं. त्या शेजाऱ्याच्या काहिलीत साखर पडते हे अख्ख्या गावाला माहीत आहे, तरी त्याचा पिवळाधमक माल चढ्या दरानं जातो आणि आमच्या तांबूस गुळाला व्यापारी नाक मुरडतो, याचं दुःख आजही आहे.

मग मीच झारा धरला. रसातली मळी काढायला रानभेंडी, चुना बेतानं, आणि ताव, म्हणजे पाक तयार झाला का ते, बघायचा तो पाण्यात थेंब टाकून, गोळी टणक झाली की काहील उतरवायची. पहिलं आधण, म्हणजे काहिलीतला पहिला घाणा, करपलं. इचलकरंजीच्या लाडूवाल्या काकू वडिलांच्या वेळच्या गिऱ्हाईक, त्यांनी ते करपलेलं पण घेतलं आणि पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ हातात ठेवले, वर म्हणाल्या, "पोरा, शिक, मी थांबते." ते पैसे नसते तर काहील भंगारात गेली असती.

नवीन गुऱ्हाळ काढणाऱ्यांना सांगतो, गुळव्याच्या भरवशावर धंदा करू नका, ताव स्वतःला कळलाच पाहिजे. आणि घेणाऱ्यांनो, पिवळ्या रंगाला भुलू नका, तो बऱ्याचदा हायड्रोसचा, रंग उजळवणाऱ्या रसायनाचा, असतो.

दावणीची एक खुंटी भिंतीत तशीच ठेवलीय, झारा तिलाच टांगतो. काकूंचा निरोप कालच आला, संक्रांतीला दहा किलोचे चाळीस रवे पाहिजेत, रंग तांबूसच.