बूथ बंद केल्यावर वाजलेला फोन

दत्तजयंती जवळ आली की मला तो रविवार आठवतोच. २६ डिसेंबर २००४, त्सुनामीचा दिवस. बेळगावात खानापूर रोडला माझा एसटीडी बूथ होता, १९९३ ला अपंगांच्या कोट्यातून मिळालेला, पिवळा बोर्ड, काचेची एक केबिन, बाहेर माझं टेबल, मीटर आणि बिल फाडायचा छोटा प्रिंटर. आता तिथं झेरॉक्स आणि रिचार्ज आहे, मीच बसतो.

पीपी नंबर हा प्रकार आताच्या पोरांना सांगून कळत नाही. घरी फोन नसलेली माणसं आमच्या बूथचा नंबर आपला म्हणून लांबच्या माणसाला द्यायची, तिकडून फोन आला की आम्ही निरोप लिहून घ्यायचा, निरोपाचे दोन रुपये. मी त्यासाठी दोनशे पानी वही ठेवली होती, तारीख, वेळ, कुणाचा, कुणाला, काय. अकरा वर्षांत एक निरोप चुकला नव्हता आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो पण.

त्या वहीत अंदमानची दोन माणसं होती. एक कंग्राळीच्या मावशींचा थोरला, मिलिटरीत, पोर्ट ब्लेअरला. दुसरा वडगावातल्या एका विणकराचा धाकटा भाऊ, ठेकेदाराबरोबर बांधकामावर गेलेला, आधी पोर्ट ब्लेअर मग तिथून खाली कार निकोबार बेटावर.

अंदमानचा कॉल लावणं हे वेगळंच काम होतं. समुद्राखालून केबल तिकडं २०२० ला गेली, तेव्हा सगळं उपग्रहावरून, आवाज छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचा, त्यामुळं तुमचं बोलणं संपल्यापासून उत्तर कानात पडेपर्यंत अर्धा सेकंद जायचा. अर्धा सेकंद म्हणजे काय असं वाटतं, पण तेवढ्यात आईला वाटतं लाइन कटली, ती हॅलो म्हणते, तिकडून पोरगंपण हॅलो म्हणतंय, दोघांचे हॅलो एकमेकांवर आपटतात आणि मीटरवरचे लाल आकडे पळत सुटतात. मी मावशींना शिकवलं होतं, तुमचं बोलून झालं की मनात एकदा विठ्ठल म्हणा, मगच त्याचं येतंय. त्या तसं करायच्या, केबिनच्या काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसायचे. त्यांचं बिल निम्म्यावर आलं होतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मावशी आल्या, देवळातून थेट, हातात सुंठवड्याची पुडी. टीव्हीवर चेन्नईचा मरीना बीच दाखवत होते, फिरून फिरून तेच, अंदमानबद्दल एक ओळ खाली सरकायची. जिथली माणसं आधी बुडाली तिथलं शेवटी सांगायचं, चॅनलवाल्यांची ही रीत मला तेव्हा जी टोचली ती अजून टोचते. भूकंप ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्राखाली झाला, ९.१ चा, समुद्राचा तळ फाटत फाटत जवळजवळ १३०० किलोमीटर उत्तरेला अंदमानपर्यंत गेला, ९:५१ ला निकोबारजवळ परत एक मोठा, हे सगळं मी मागनं वाचलं. त्सुनामी हा शब्द तर त्या दिवशी गल्लीत कुणाच्याच तोंडात बसत नव्हता.

मावशींनी विचारलं, "दादा, ते पेटतं बेट फुटलं काय हो?"

पोरानं त्यांना सांगितलेलं, पोर्ट ब्लेअरहून दीडेकशे किलोमीटरवर समुद्रात बॅरन म्हणून बेट आहे, तिथला डोंगर जिवंत आहे, १९९१ ला पेटलेला. त्यांच्या मनात अंदमान म्हणजे तेवढंच. मी म्हटलं, नाही हो मावशी, ते नाही फुटलं. मला काहीही माहीत नव्हतं.

पोर्ट ब्लेअरचा कोड ०३१९२, तो लावायला लागलो. दर वेळी "इस मार्ग की सभी लाइनें व्यस्त हैं". कान तयार झाला की टोनवरूनच कळतं कुठं अडलंय, आपल्या एक्सचेंजला की पुढं, आणि पलीकडं कुणी उचललं की लाइनीची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटते, त्यावर मीटर चालू होतं. त्या दिवशी मीटर शून्यावरनं हललं नाही. शंभरावर वेळा लावला असेन. मागं एकजण मुंबईला लावायचं म्हणून अर्धा तास कटकट करत होता, शेवटी त्याला मी दुसऱ्या बूथवर जा म्हटलं, गिऱ्हाईक तोडलं ते तेवढंच.

दुपारी विणकर आला. त्याच्याकडं भावाचा नंबरच नव्हता, भाऊच इकडं करायचा. तो फक्त म्हणाला, "फोन आला तर कधीपण असूदे, मला उठवा." मी वहीत लिहिलं.

चारला मावशींच्या नंबरवर रिंग गेली. खरी रिंग. तो नंबरपण तिथल्या एका बूथचाच, पोरगं तिथं येऊन बोलायचं. वाजून वाजून बंद झाला, परत लावला, परत वाजला, कुणी उचलला नाही. तिथला बूथवाला कुठं गेला असेल देव जाणे. मावशी उठून म्हणाल्या, "वाजतोय म्हणजे जागा तर हाय की."

रात्री दहाला मी बूथ बंद केला. पूर्वी रात्री अकरानंतर पाव दर असायचा, तेव्हा बारापर्यंत रांग असायची आणि मी बसायचो. मोबाईल आले, रांग गेली, दहाला बंद करायची सवय लागली. त्या दिवशी सवयीनंच केला. पाय दुखत होते हे खरं, पण ते कारण नव्हे.

सकाळी शेजारचा चहावाला म्हणाला, अण्णा, रात्री तुझा फोन लई वाजला. साडेअकराच्या पुढं. तीनदा तरी.

पाचव्या दिवशी मावशींच्या पोराचा फोन आला, सुखरूप होता. विणकराच्या भावाचा आजतागायत पत्ता नाही.

२००५ च्या मे महिन्यात बॅरन खरंच पेटलं. पोरानं फोनवर सांगितलं, त्या भूकंपानं जमीन खाली बसली, पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची शेतं खाऱ्या पाण्यात गेली ती गेलीच, आणि आता हा डोंगर धुमसतोय. मावशी आधी मनात विठ्ठल म्हणाल्या, मग माझ्याकडं वळून, "मी म्हटलं होतं की नाही दादा." भूकंपामुळंच पेटलं असं काहीजण मानतात, काहीजण नाही.

त्या दिवशी मावशींचं झाल्यावर मी रिसीव्हर घेतला आणि पोराला विचारलं, त्या रात्री साडेअकराला तू फोन केलेलास काय? अर्धा सेकंद गेला. म्हणाला, "नाही मामा, चार दिवस आम्हाला फोनजवळ जायलाच मिळालं नाही."

वहीत त्या रात्रीपुढं मी फक्त वेळ लिहिलीय. कुणाचा, कुणाला, ते रकाने रिकामे आहेत. कार निकोबारहून त्या रात्री फोन लागणं शक्य होतं का, मी कितीजणांना विचारलं, बहुतेक नाहीच म्हणतात. कुणाचा राँग नंबरपण असेल. विणकर अजून झेरॉक्सला येतो, आधार कार्ड, लाइटबिल. फोन वाजला होता हे मी त्याला सांगितलेलं नाही.