बेंचवर होता की मैदानात?

फुटबॉल चषक स्पर्धेच्या कार्यालयात खेळाडूंची नोंदणी आणि क्लबांच्या हरकती, दोन्ही माझ्याच टेबलावर येतात. हरलेल्या क्लबच्या हरकतीत बहुतेक वेळा राग भरपूर असतो, पुरावा नावाला. त्या सकाळचं पत्र मात्र जेमतेम चार ओळींचं होतं, म्हणूनच मी सावध झाले. आमच्याविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत उतरलेला बदली खेळाडू याच मोसमात, याच चषकात, पहिल्या फेरीत दुसऱ्या क्लबकडून खेळलाय, एवढंच म्हणणं. म्हणजे कप-टाइड: एका मोसमात चषकात एका क्लबकडून खेळला की त्याच चषकात दुसऱ्याकडून खेळता येत नाही. मुलगा तेव्हा लोनवर, म्हणजे तात्पुरता त्या दुसऱ्या क्लबकडे होता.

आधी मुदत पाहिली. हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. २०१९ मध्ये कोपा देल रे या स्पेनच्या चषकात बार्सिलोनाने निलंबित खेळाडू चुमीला खेळवलं अशी प्रतिस्पर्धी क्लब लेव्हान्तेची तक्रार होती, पण ती उशिरा आली म्हणून फेटाळली गेली. आमचं पत्र वेळेत होतं.

जिंकलेल्या क्लबचे सचिव दुपारी स्वतःच आले. शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, तो त्या सामन्यात बेंचवर बसून होता. यादीत नाव असलं म्हणजे खेळला असं होत नाही ना?" बरोबर होतं त्यांचं. आमच्या नियमात प्रत्यक्ष मैदानात उतरलेलाच खेळाडू बांधला जातो. आणि पहिल्या फेरीच्या टाइप केलेल्या अहवालात बदली खेळाडूंच्या रकान्यात त्याचं नाव खरंच नव्हतं.

शिस्तभंगाच्या नोंदीत मात्र होतं. यलो कार्ड. माझा सहकारी खुश झाला, "सापडला!" म्हटलं, थांब. बेंचवरच्या खेळाडूलाही कार्ड मिळतं. रेफरीवर ओरडला, पाण्याची बाटली भिरकावली, की बसल्या जागी पिवळं. संगणकात नुसती कार्डाची नोंद, कारण नाही. सामन्याचं चित्रीकरणही नव्हतं. पहिल्या फेरीतल्या छोट्या मैदानांवर कॅमेरे कोण लावतो?

मग रेफरीचा मूळ, हाताने लिहिलेला अहवाल मागवला. त्या मुलाच्या नंबरासमोर कारण होतं: फ्री किकच्या वेळी ठरलेलं अंतर राखलं नाही.

बेंचवर बसून फ्री किकच्या आड कोणी येत नाही. चौथ्या पंचांकडच्या बदलाच्या चिठ्ठ्याही काढल्या. टाइप केलेल्या अहवालात दोन बदल होते, चिठ्ठ्या तीन निघाल्या. तिसरी इंज्युरी टाइममधली, त्याच मुलाची. सचिवांना कागद दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि वाद घातला नाही.

संध्याकाळी समिती बसली. मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कोचनी फक्त फिट आहेस का एवढंच विचारलं." मला त्याची दया आली. विचारायचं काम क्लबचं होतं, त्याचं नव्हे.

खरी चर्चा शिक्षेवर झाली. एका सदस्याचं म्हणणं, तो आला तेव्हा संघ आधीच २-१ ने पुढे होता, त्याने ना गोल केला ना अडवला, तर सामना पुन्हा खेळवा. त्यांनी १९९९ च्या इंग्लंडमधल्या लीग कपचा दाखला दिला. वेस्ट हॅमने आधी जिलिंगहॅमकडून खेळलेल्या मॅनी ओमोयिन्मीला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध अगदी शेवटी उतरवलं, पेनल्टींवर जिंकले, आणि सामना पुन्हा खेळावा लागला. तो व्हिलाने जिंकला.

पण प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी. रेआल माद्रिदने २०१५ मध्ये काडिसविरुद्ध निलंबित चेरिशेव्हला खेळवलं आणि थेट कोपा देल रेमधून बाहेर गेले. सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण पोलंडच्या लेगिया वॉर्सा क्लबचं. २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत सेल्टिकला ४-१ आणि २-० असं हरवूनही बाहेर! त्यांच्या बेरेशिन्स्कीवर तीन सामन्यांची बंदी होती. त्यातल्या दोन सामन्यांसाठी क्लबने त्याचं नावच नोंदवलं नव्हतं, त्यामुळे ते बंदीत धरले गेले नाहीत. दुसऱ्या लढतीत तो अखेरची काही मिनिटं खेळला. निकाल सेल्टिकच्या बाजूने ३-०, एकूण ४-४, आणि बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल जास्त धरले जात, त्यावर सेल्टिक पुढे.

आमच्या नियमात पुन्हा खेळवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे हरकत घेणाऱ्या क्लबच्या बाजूने ३-० असा निकाल गेला. मला विचाराल तर ती सोय नसलेलीच बरी. कोणाच्या पाच मिनिटांनी सामना फिरला आणि कोणाच्या नाही, हे समितीने ठरवायचं म्हटलं तर रोज नवा वाद. शिवाय हरलेल्या क्लबने आपली यादी नीट तपासून संघ उतरवला होता, त्याची किंमत कोणी धरायची?

निकाल कळवला तेव्हा त्या क्लबच्या खेळाडूंना सुट्टी दिलेली होती. त्यांना फोन करकरून परत बोलवावं लागलं. पुढच्या फेरीची यादी त्यांनी रात्रीच पाठवली. तिच्यातही लोनवरून परतलेला एक जण होता. त्याच्या पहिल्या फेरीच्या बदलांच्या चिठ्ठ्या मी लगेच मागवल्या.